तोड गावातच

(दृश्य : दोन शेतांमधला बांध, ड्रोनमधून)

वरून पाहिलं की कळतं, हा बांध सरळ नाही. विहिरीकडे बैलगाडी जाईल एवढा रुंद, आणि ओढ्याकडे येईतो पाऊलभर उरलेला. दर नांगरटीला थोडा थोडा कोरला गेला. कुणी कोरला, यावर दोन चुलतभावांचं एकमत नाही. एकदा काठ्या निघाल्या, ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नाहीत.

(दृश्य : मारुतीच्या देवळाचा सभामंडप, सतरंज्या अंथरल्या जात आहेत)

आज महात्मा गांधी तंटामुक्त गाव समितीची बैठक आहे. १५ ऑगस्ट २००७ला महाराष्ट्र शासनानं ही मोहीम सुरू केली. गृहखातं होतं आर. आर. पाटील यांच्याकडे. त्याआधी ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवलं होतं. बक्षिसाची चढाओढ लागली की गावं हातात झाडू घेतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तीच चढाओढ त्यांनी भांडणांकडे वळवली. ग्रामसभेनं समिती निवडायची, तंट्यांची नोंदवही ठेवायची, आहेत ते सामोपचारानं मिटवायचे, नवे उभे राहू द्यायचे नाहीत. मूल्यमापनात गाव उतरलं, तर लोकसंख्येप्रमाणे लाखांतलं बक्षीस.

(दृश्य : नोंदवहीची पानं, जवळून)

दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर. बांध, पाटाच्या पाण्याची पाळी, वहिवाटीचा रस्ता, पिकात शिरलेली शेळी. फौजदारीत कायद्यानं तडजोडीला मोकळे ठेवलेले गुन्हे तेवढे येतात. खून, बलात्कार, दरोडा इथे येत नाहीत. आणि बाईला मारहाण झाली असताना ‘घरातलंच आहे, मिटवून टाका’ म्हणणारी बैठक न्याय करत नाही, ती मारणाऱ्याला पाठीशी घालते.

(दृश्य : बैठक सुरू. पोलीस पाटील, बीट हवालदार, समितीतल्या बाया)

इथली रीत नीट पाहा. सुरुवातीलाच ‘चूक कुणाची’ असं कुणी विचारत नाही. ज्याची जमीन गेली, त्यानं आधी बोलायचं, आणि तो बोलत असताना समोरच्यानं मध्ये तोंड घालायचं नाही.

(मूळ आवाज : “तात्या, त्याचं होऊ द्या. मग तुमचं.”)

कोर्टात दोघांच्या वतीनं वकील बोलतो. इथे माणसाला स्वतः बोलावं लागतं, तेही ज्यांच्याबरोबर उद्या दूध डेअरीच्या रांगेत उभं राहायचं आहे त्यांच्यासमोर. मग घरच्या बायकांना विचारलं जातं. दोन्ही चुलींचा अबोला त्यांनीच सोसलेला असतो. कुणाचं काय नुकसान झालं आणि ते कशानं भरून निघेल, एवढ्यावरच बोलणं फिरत राहतं. घाई कुणालाच नाही. आम्हाला या कामाचा जीव इथेच दिसला.

(दृश्य : सगळे शेतावर. मोजणीचा नकाशा, टेप, दोरी)

बसून तोड निघेना, म्हणून समिती बांधावर आली. भूमी अभिलेखच्या मोजणीतल्या खुणा धरून दोरी ताणली. ठरलं ते असं : ज्याच्याकडून बांध कोरला गेला, त्यानं माती भरून द्यायची. हद्दीच्या दगडांचा खर्च निम्मा-निम्मा. विहिरीची पाळी आधी होती तशीच.

(दृश्य : दगड रोवले जातात. निवेदन नाही, शेताचाच आवाज.)

तडजोडनाम्यावर दोघांच्या सह्या झाल्या. दावा कोर्टात असता, तर नुसत्या सह्या पुरल्या नसत्या. तडजोड कोर्टापुढे किंवा लोकअदालतीत न्यावी लागली असती. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

आता दोन्ही घरांचं येणं-जाणं सुरू झालं आहे.

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय, भिंतीवरचा फिकट फलक)

बऱ्याच गावांत मात्र समिती अशा फलकापुरतीच उरली आहे. बक्षिसाचा जोर ओसरला तशा बैठका थांबल्या. काही ठिकाणी ती एकाच भावकीच्या हातात गेली, मग दुबळ्या घरानं तिच्यापुढे यायचं कशाच्या भरवशावर? समिती निवडण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. बायकांची आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीची नावं आधी सुचवा, आणि नोंदवही सगळ्यांसमोर उघडायला सांगा.