मधला मॉसफेट

(दृश्य: पुणे, बुधवार पेठ. तपकीर गल्लीतल्या दुकानात काचेमागे टांगलेली मॉड्यूलची पाकिटं.)

तपकीर गल्लीतून घेतलेलं हे पाकीट. आतल्या पट्टीवरचा चंदेरी चौकोन म्हणजे बीएमपी280, हवेचा दाब मोजणारा बॉशचा सेन्सर. लांबी अडीच मिलिमीटर, रुंदी दोन. झाकणावर बारीकसं भोक दिसतंय, तिथूनच हवा आत शिरते.

शेजारी आर्डुइनो उनो, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. त्यावरचा कंट्रोलर, म्हणजे मुख्य चिप एटीमेगा328पी, 5 व्होल्टवर चालतो. सेन्सरला सप्लाय हवा 1.71 ते 3.6 व्होल्ट.

उनोवर 3.3 व्होल्टची पिन आहे, तिथून सप्लाय दिला. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण सिग्नलच्या दोन तारांकडे लक्षच जात नाही.

(दृश्य: मल्टिमीटरची टोकं सिग्नलच्या तारेवर.)

आयटूसी ही चिपांनी दोन तारांवर एकमेकींशी बोलायची पद्धत. तिच्या या तारांना कोणतीही चिप स्वतःहून वर ढकलत नाही. त्यांना वर ओढून धरतात ते पुल-अप रेझिस्टर. मॉड्यूलवरचे रेझिस्टर 3.3 कडे ओढतात, तर आर्डुइनोची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, कंट्रोलरच्या आतले रेझिस्टर चालू करून 5 कडे ओढते. म्हणून मीटरचा आकडा 3.3 च्या वर गेला आहे.

उलट दिशेची अडचण वेगळी. 5 व्होल्टवरच्या एटीमेगाला आयटूसीच्या तारेवर ‘हाय’, म्हणजे 1, वाचायला डेटाशीटप्रमाणे सप्लायच्या सत्तर टक्के, म्हणजे 3.5 व्होल्ट लागतात. सेन्सरकडचे 3.3 तिथे कमीच पडतात.

तरीही जोडलं की आकडे येतात, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. लांब वायरीवर हेच सर्किट अडखळतं, आणि 5 व्होल्ट सरळ लागले तर सेन्सरची चिप उडू शकते.

एकाच दिशेने जाणारा सिग्नल असता तर दोन रेझिस्टर पुरले असते. वर 1 किलोओहम, खाली 2, की 5 चे 3.33 होतात. पण आयटूसीच्या डेटाच्या तारेवर दोघेही बोलतात. दोन्हीकडून चालेल असा दुवा हवा.

(दृश्य: भिंगाखाली बीएसएस138, तीन पायांचा. सोल्डरिंगचा धूर.)

तो हा, बीएसएस138 नावाचा मॉसफेट, म्हणजे व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच. फिलिप्सने 1982 मध्ये आयटूसी आणलं आणि 1997 च्या एका तांत्रिक टिपणात ही जोडणी मांडली. प्रत्येक तारेला फक्त एक मॉसफेट. त्याच्या तीन पायांपैकी गेट 3.3 ला, सोर्स सेन्सरच्या बाजूला, ड्रेन 5 व्होल्टच्या बाजूला, आणि दोन्हीकडे आपापला पुल-अप.

कुणीच बोलत नसताना गेट आणि सोर्स दोन्ही 3.3 वर असतात. फरक शून्य, मॉसफेट बंद. दोन्ही तारा आपापल्या व्होल्टेजवर निवांत.

सेन्सरने तार खाली ओढली की सोर्स शून्यावर येतो. गेट आणि सोर्समध्ये 3.3 चा फरक पडतो, मॉसफेट चालू होतो, आणि पलीकडची 5 व्होल्टची तारही खाली येते.

आता कंट्रोलरची पाळी. त्याने ड्रेन खाली ओढला, पण मॉसफेट तर अजून बंद आहे. इथे मॉसफेटच्याच पोटातला, एकाच दिशेने करंट सोडणारा डायोड कामाला येतो. तो आधी सोर्सला खाली खेचतो, फरक वाढतो, आणि मग मॉसफेट स्वतः चालू होतो. दिशा सांगणारी वेगळी तार लागत नाही. इतकं नेटकं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्याच वर्षी शिकवायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. पाठ करायला नको, हाताने सोल्डर करून.

(दृश्य: ऑसिलोस्कोपवर दोन रेषा, एक 3.3 पर्यंत, दुसरी 5 पर्यंत.)

खालची रेषा सेन्सरची, वरची कंट्रोलरची. दोघी एकदमच खाली येतात.

(दृश्य: बोर्ड हातात घेऊन जिना चढणारी विद्यार्थिनी.)

पुण्यात हवेचा दाब साधारण 950 हेक्टोपास्कलच्या, म्हणजे 95,000 पास्कलच्या आसपास असतो. एक मीटर वर गेलं की तो जेमतेम 11 पास्कलने उतरतो. पडद्यावरचा आकडा बघत राहा. प्रत्येक पायरीला तो थोडा खाली येतोय.