शाळूच्या राखणीला

(पहाट. कॅम्परव्हॅनच्या काचांवर दव. आत छोट्या शेगडीवर चहाचं आधण.)

जानेवारी. काल संध्याकाळी पुण्यातून निघालो आणि हडपसर मागे टाकून दिवे घाट चढलो. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते, तेव्हा हे डोंगर हिरवेगार असतात. आता गवत पार पिवळं पडलंय. सोनोरी गावाबाहेर, मालकांना विचारून, शेताच्या कडेला गाडी लावली. बाबा सत्तरीला आलेत. तंबूत, जमिनीवर झोपणं त्यांना आता सोसत नाही. गाडीत पलंग आहे, म्हणून कितीतरी वर्षांनी ते शेतात उजाडताना बघतायत. दोन दिवसांच्या या फिरतीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

(पायवाट. कानटोपी घातलेले बाबा पुढे.)

चढाच्या मुरमाड जमिनीवर अंजिराच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हा खट्टा बहार, म्हणजे हिवाळ्यात हाती येणारं पीक. ऊन तापायच्या आत तोडणी उरकायची, कारण पिकलेलं अंजीर फार नाजूक. पाटीत अंजिराचीच पानं अंथरून त्यावर फळं अलगद मांडत होते.

खाली ओढ्याकाठी जमीन काळी होत जाते, आणि तिथे शाळू उभा आहे. रब्बीची ज्वारी. पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस आधीच बेताचा, त्यात शाळू पेरायचा तो पाऊस सरत आल्यावर. काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर हे पीक वाढतं. ढेकूळ वरून कोरडं दिसतं. बाबांनी वाकून काठीने चार बोटं माती उकरली आणि माझा हात धरून आत लावला. माती गार होती, ओलसर होती. शेवटचा मोठा पाऊस पडून तीन महिने होऊन गेले होते.

कणसं दुधात आली की राखण सुरू होते. शेताच्या मधोमध माच्यावर एक मावशी उभ्या होत्या, हातात गोफण.

"कुठनं आला?"

"पुण्याहून, मावशी."

"मग बसा की. हुरडा खाल्ल्याबिगर जायचं न्हाई."

तेवढ्यात भोरड्या आल्या. काळं डोकं, काळे पंख, अंग गुलाबी. पूर्व युरोप आणि मध्य आशियात या पक्ष्यांची वीण होते. तिकडे टोळ-नाकतोडे खातात म्हणून शेतकऱ्याला ते हवेसे वाटतात. इथे येतात ते थव्यांनी, आणि कोवळ्या दाण्यावर तुटून पडतात. गोफण फिरली, "हुर्रर्र" अशी आरोळी उठली आणि सगळा थवा एका अंगावर वळून पलीकडच्या शेतात गेला. तिथूनही आरोळी आली.

दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच. दाणा टणक होईपर्यंत रोज. मग काढणी, कणसं खुडणं, कडबा बांधणं. माणूसबळ मिळत नाही, म्हणून शाळूचा पेरा कमी होत चाललाय. हॉटेलात ज्वारीची भाकरी मागताना या माच्यावरची माणसं आपल्या डोळ्यांसमोर यायला हवीत, असं मला फार वाटतं.

आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. कणसं त्यात खुपसली, भाजली, हातावर चोळली. हिरवट, गोडसर दाणे, सोबत कारळ्याची चटणी आणि गूळ. दाणा हुरड्यात असतो तो थोडेच दिवस. नंतर तो भाकरीचाच.

(मल्हारगडाची चढण. मागे वळून खोऱ्याचं दृश्य.)

बाबा आगटीपाशीच थांबले. मी एकटी मल्हारगडावर गेले. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला. १७५७ ते १७६० या काळात पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो उभारला. किल्ला लहानसा. आत खंडोबाची आणि महादेवाची देवळं शेजारी शेजारी आहेत. समोर पुरंदर आणि वज्रगड. खाली करड्या माळामध्ये शाळूचे हिरवे तुकडे मोजता येतील इतकेच.

उतरताना अर्ध्या वाटेवर होते, तेव्हा शेतावरून थवा पुन्हा उठला. त्याच्यामागून आरोळी आली, जरा घोगरी, धाप लागलेली. मावशींची नव्हती. माच्यावर कानटोपी दिसत होती.