शब्दाला शब्द न देण्याचे चाळीस दिवस

आज राखेचा बुधवार. वसईच्या नंदाखाल-आगाशी पट्ट्यातील गावांमधून माणसे पहाटेच्या मिस्साबलिदानासाठी, म्हणजे चर्चमधील उपासनेसाठी, निघाली आहेत. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख तयार होते. धर्मगुरू ती प्रत्येकाच्या कपाळी लावतात आणि येथून ईस्टरपर्यंत, मधले सहा रविवार वगळता, चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ चालतो.

रांगेतील हे गृहस्थ वाडी करतात. वय 67. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन 18 ते 59 या वयापुरते आहे, तेही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. त्यामुळे मधुमेहाची गोळी घेणाऱ्या या माणसावर ते लागू होत नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य करणे त्यांना बंधनकारक आहे, परंतु नियम मासळीला मोकळीक देतो, आणि ज्या किनाऱ्यावर ताजे बोंबील हीच मेजवानी, तेथे कोंबडी सोडण्याने फारसे काही सुटत नाही. म्हणून यंदा त्यांनी ताटाऐवजी जीभ निवडली आहे. रागाच्या भरात शब्दाला शब्द द्यायचा नाही, एवढाच त्यांचा नेम.

हा नेम पळवाट वाटू शकतो, पण तो थेट पवित्र शास्त्राशी जाऊन भिडतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल आत्म्याचे फळ सांगतो. त्याची सुरुवात प्रीतीने होते आणि शेवट ज्या गुणाने होतो त्याला मराठी बायबलने ‘इंद्रियदमन’ हा शब्द योजला आहे. दमन म्हटले की दडपणे आठवते. मूळ ग्रीक शब्द ‘एंक्रातिया’ मात्र स्वतःवरील सत्तेचा, ताब्याचा आहे. त्याच अध्यायात थोडे आधी देहाच्या पंधरा कर्मांची यादी येते. तिच्यात व्यभिचार आणि दारूबाजी आहेच, पण वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद आणि हेवा अशी आठ नावे निव्वळ भांडणाची आहेत. आत्मसंयमन म्हणजे केवळ खाण्यापिण्यावरचा लगाम, असे मानणाऱ्यांनी ही यादी सावकाश वाचावी.

तिसऱ्या आठवड्यातील एका संध्याकाळी नेमाची परीक्षा होते. वाडीच्या बांधाच्या वादावरून धाकट्या भावाचा संदेश येतो, तोही साऱ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर. हे गृहस्थ चष्मा लावतात, संदेश दोनदा वाचतात आणि उत्तर टाइप करू लागतात. चार ओळी होतात. त्यात वडिलांच्या आजारपणाचा जुना हिशेब आहे, आणि तो खरा आहे. म्हणूनच तो अधिक लागला असता. अंगठा पाठवण्याच्या खुणेवर थांबतो. मग एकेक अक्षर पुसले जाते, फोन टेबलाच्या खणात जातो आणि घरातील मंडळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसतात. त्यांच्या प्रार्थनेचा स्वर त्या रात्री स्थिर नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

याकोबाच्या पत्रात जिभेला तारवाच्या सुकाणूची उपमा आहे: तारू मोठे, वारा सोसाट्याचा, आणि ते वळवणारी फळी लहानशी. सुकाणू धरणाऱ्याला वारा थांबवता येत नाही. त्या रात्री या गृहस्थांचा रागही थांबला नव्हता. ते बराच वेळ जागे होते.

सकाळी फोन न करता ते चालत भावाच्या अंगणात जातात. चहा होतो, बांधाचा विषय कोणी काढत नाही. मग धाकटा उठून कोयता घेतो आणि दोघेही केळीचा वाळलेला पाला बाजूला सारत, वडिलांनी पुरलेला हद्दीचा दगड शोधू लागतात.