आधी टाकीची उंची, मग शॉवर

श्रोतेहो, नमस्कार. बाथरूम फोडायला काढलंय किंवा काढायच्या विचारात आहात, अशांसाठी आजचं बोलणं. टाइल्सच्या रंगाबद्दल मी काही बोलणार नाही, त्यावरून घरात पुरेशी वादावादी झालीच असेल. आपण बोलू गरम पाण्याबद्दल आणि शॉवरबद्दल. त्यातलंही एकच वाक्य ध्यानात ठेवलंत तरी चालेल: आधी टाकीची उंची मोजा, मग शॉवर घ्या.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जोर असतो तो फक्त उंचीचा. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब. रेन शॉवरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, बऱ्याच वेळा अर्धा बार. म्हणजे शॉवरच्या वर पाच मीटरवर पाणी हवं. बैठ्या घरात टाकी असते शॉवरच्या वर पाच-सहा फुटांवर. फूट म्हणतोय बरं का, मीटर नव्हे.

साताऱ्याकडे आमच्या नात्यात एक अण्णा आहेत. पुण्याला लग्नाला गेले, हॉटेलात उतरले आणि तिथला ताटाएवढा रेन शॉवर पाहून हरखून गेले. घरी बाथरूमचं काम चालूच होतं. तस्साच शॉवर आणला, छतात बसवला. पहिल्या दिवशी अण्णा पंचा नेसून खाली उभे, नळ फिरवला, तर मधल्या चार भोकांतून पाणी ठिबकलं. बाकीची भोकं कोरडीठाक.

प्लंबर म्हणाला, "अण्णा, पंप बसवू." पंप बसला, पण तो गार पाण्याच्या लाइनवर. गरम पाणी यायचं गच्चीवरच्या सोलरमधून, आपसूक, उंचीच्या जोरावर. हा सोलर साधा, हवेसाठी वर उघडी नळी ठेवलेला.

दिवस एप्रिलचे. काकूंनी पहाटे उठून, गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर कुरडया घातलेल्या. सोलरच्या बाजूलाच, कारण तिथे ऊन चांगलं. इकडे अण्णांनी गरम-गार दोन्ही नळ उघडले. पाणी आलं, धो-धो आलं, पण गारढोण. अण्णांनी गरम नळ आणखी फिरवला. आणखी गार! तेवढ्यात वरून काकूंची हाक, "अहो, पाऊस पडतोय!"

एप्रिलात, ढग नसताना. अण्णा तसेच ओल्या पंच्याने जिना चढून वर. सोलरच्या उघड्या नळीतून पाण्याचं कारंजं उडत होतं आणि ते नेमकं कुरडयांवर.

झालं काय होतं? पंपाचं गार पाणी जोराचं, सोलरचं गरम पाणी हळू. दोघांची गाठ पडते मिक्सरमध्ये. तिथे जोरवाल्याने हळूवाल्याला मागे रेटलं, थेट गच्चीपर्यंत. गरम नळ जितका जास्त उघडाल तितकी वाट मोकळी. प्लंबर म्हणाला, "एनआरव्ही टाकतो." म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्याने गार पाणी वर जायचं थांबलं, पण गरम काही खाली येईना, कारण समोर दाब तेवढाच. शेवटी पंप काढला, ताट उतरवलं आणि कमी दाबावर चालणारा साधा हँड शॉवर लावला. कुरडयांचा विषय त्या घरात अजून काढायचा नाही.

तेव्हा पुन्हा सांगतो: आधी टाकीची उंची, मग शॉवर. आणि पंप लावायचाच असेल, तर गरम आणि गार दोन्हीकडे दाब सारखा पाहिजे. उघड्या नळीच्या सोलरच्या टाकीला दाब सोसत नाही, तिथे गरम लाइनला गरम पाण्याचा वेगळा पंप लागतो.

आता गिझर थोडक्यात. १५ लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला वीस मिनिटांच्या आत-बाहेर घेतो. वीज लागते अर्ध्या युनिटहून थोडी जास्त. त्यात गार मिसळलं की अंगावर घेण्याजोगं ३५ लिटर पाणी होतं. मिनिटाला दहा लिटरचा शॉवर ते चार मिनिटांच्या आत संपवतो. तेच बादलीत घेतलं तर दोन माणसांच्या आंघोळी होतात. माझं विचाराल तर तांब्या-बादलीसारखी आंघोळ नाही, आणि बंबाच्या पाण्याला तर तोडच नव्हती, पण ते असो. थर्मोस्टॅट ६०वर ठेवा. बोअरचं पाणी असेल तर त्यापुढे नेऊच नका, कॉइलवर क्षार लवकर चढतात. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर स्वयंपाकघरात ठीक. थंडीत शॉवरला तो पुरत नाही.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. गॅस गिझर बाहेर, मोकळ्या हवेत हवा. पुन्हा सांगतो, बाहेर. आणि विजेच्या गिझरला अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, बसवा. शोभेच्या फॉल्स सीलिंगला पैसे निघतात, याला मात्र निघत नाहीत, हे मला कधीच उमगलेलं नाही.

डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे की खालच्या नळाकडे ते वळवणारा खटका, भिंतीत जातो, म्हणून टाइल लागण्याआधी पाइपलाइनला दाब देऊन रात्रभर ठेवा, गळती तेव्हाच दिसू दे. आणि मोजायची टेप शेजारी धरून उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल घेऊन कुणी आला, की आधी त्याला ते दाखवा. नमस्कार.