वंशावळीत आत्या कुठे आहे?

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘आनुवंशिक कर्करोग : समुपदेशन आणि कौटुंबिक माहितीची अचूकता’ असा छापलाय. कर्करोगांपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. जनुक-तपासणीसाठी नागपुरातून रक्त पाठवता येतं, काही आठवड्यांत अहवाल हातात पडतो. पण ती करायची की नाही, घरातल्या कोणाची आधी करायची, आलेल्या अहवालाचा अर्थ काय लावायचा, हे ठरतं तुम्ही समोर बसून सांगितलेल्या आठ-दहा वाक्यांवर. ती वाक्यं चुकली की पुढचं सगळं चुकत जातं.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाळिशीच्या आतली बाई, स्तनाचा कर्करोग. सोबत नवरा, सासू आणि दीर. मी कागदावर चौकोन-वर्तुळं काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. विचारलं, घरात आणखी कोणाला? सासूबाई लगेच म्हणाल्या, “आमच्याकडे कोणालाच नाही जी.” त्या खरंच सांगत होत्या. पण सांगत होत्या स्वतःच्या घराबद्दल, आणि मला हवं होतं सुनेचं माहेर! (हशा) हसताय, पण बहुतेकदा असंच होतं. जिला आजार झालाय ती कोपऱ्यात गप्प असते आणि उत्तरं सासरची माणसं देतात.

मग तिला बोलतं केलं. आई ठीक, मावश्या ठीक. वडिलांकडे? “काहीच नाही. एक आत्या होती, ती पोटात पाणी होऊन गेली.” वय? “म्हातारी नव्हती.”

पोटात पाणी यकृत बिघडलं तरी होतं, क्षयानं होतं, हृदयाच्या आजारानं होतं आणि अंडाशयाच्या कर्करोगानंही होतं. मी म्हटलं, आत्याचा एखादा कागद शोधा. तर तिच्या काकांनी हौसेनं छापून घेतलेली सात पिढ्यांची वंशावळ आली. सुंदर छपाई, मूळपुरुषापासून सगळे. आत्या नव्हती! लग्न होऊन वर्ध्याकडे गेली, आडनाव बदललं, आणि झाडावरून फांदीच गेली. हे मला फार खटकतं. घरात वंशावळ छापून घेणाऱ्या प्रत्येकाला मी विनवणी करतो, मुली लिहा, मुलींची मुलंही लिहा. बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 ही जनुकं बिघडली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि पुढच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. वडील धडधाकट असतील, तरी त्यांच्या बहिणीचा आजार त्यांच्या मुलीला विचारायलाच हवा.

आत्याचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. उपचाराच्या खर्चाचं बिल त्यांनी कार्यालयात टाकलं होतं, ते त्रुटी काढून काढून कित्येक वर्षं परत येत राहिलं. त्यामुळे गुरुजींनी एकही कागद फेकला नाही. आतेभावानं ती फाईल आणली. आत बायोप्सीचा रिपोर्ट होता, अंडाशयाचा सीरस कार्सिनोमा, म्हणजे कर्करोगच, वय 46. चित्रच बदललं. आमच्या रुग्ण बाईच्या तपासणीत बीआरसीए-1 चा दोष निघाला, आणि तिची धाकटी बहीण आजार होण्याआधीच आमच्यापर्यंत पोहोचली. या दोषात अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका सुमारे 44 टक्के असतो, तेव्हा तिचं वेळेवर येणं किती मोलाचं ते तुम्हीच बघा.

आता सगळ्यांचंच बिल अडकलेलं नसतं. कागद राहणार कुठे? मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दाखल्याच्या उताऱ्यात ते उघड करता येत नाही. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांवर नोंदी जपण्याचं बंधन तीन वर्षांचं. म्हणजे नात मोठी होईपर्यंत आजीचा आजार कुठेच लिहिलेला नसतो. 2023 च्या दुरुस्तीनं एक चांगली गोष्ट झाली. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्या. दुःखाच्या वेळी कोणाला सुचत नाही, म्हणून आज सांगून ठेवतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. मूळ मुद्दा भरभर सांगतो.

नातेवाइकांच्या सांगण्यात स्तनाच्या कर्करोगाची माहिती बहुतांशी बरोबर निघते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. गर्भाशय, अंडाशय, पोटातल्या इतर अवयवांबद्दल मात्र ती बरीच घसरते. आई-बहिणीबद्दल चूक कमी, आत्या-मावशी-आजीबद्दल जास्त. ‘पिशवीचा’ म्हणून सांगितलेला आजार गर्भाशयमुखाचा असेल, तर तो बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे, आनुवंशिक नव्हे. गर्भाशयाच्या अस्तराचा असेल, तर लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, तपासावा लागतो, अंडाशयाचा असेल, तर बीआरसीए. ‘लिव्हरचा’ म्हणतात तो पुष्कळदा दुसरीकडून पसरलेला असतो. चूक उलट्या दिशेनंही होते, धोका नसलेली बाई वर्षानुवर्षं धास्तीत जगते. आणि मुलींची लग्नं व्हायची म्हणून आजार लपवला जातो. बायोडेटात आपण मामेकुळ आवर्जून लिहितो, पण मामाकडे कोण कशानं गेलं ते विचारत नाही.

लिंच सिंड्रोमची कथाच अशा बोलण्यातून सुरू झाली. 1895 मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या ॲल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, आमच्या घरात सगळे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानं जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्याच कर्करोगानं गेली. वॉर्थिननं तिचं म्हणणं मनावर घेऊन कुटुंब तपासलं, 1913 मध्ये छापलं. पुढे त्याच घराण्यात एमएसएच-2 जनुकातला दोष सापडला.

तेव्हा समुपदेशनाला येताना अवयव कोणता, निदान झालं तेव्हा वय किती आणि नातं आईकडून की वडिलांकडून, एवढं विचारून या. मृत्यूचं वय नको, निदानाचं हवं. बायोप्सीचा रिपोर्ट असेल तर उत्तम, नसेल तर ऑपरेशनची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, काहीही चालेल. घरातली जी आत्या किंवा मावशी सगळ्यांच्या बाळंतपणाला गेलीय, तिला फोन लावा, जमलं तर सोबतच घेऊन या. आणि शक्य असेल तिथे तपासणी आधी आजारी व्यक्तीची करा. निरोगी बहिणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला, पण आजारी बहिणीत दोष आहे की नाही हेच माहीत नसेल, तर त्या नॉर्मलवर विसंबून राहता येत नाही.