वडाळा ते गोवंडी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातली दुपार होती. दादर-माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये मी एका जुन्या झाडाखाली बसले होते. वर कोकिळ ओरडत होता, सावली इतकी दाट की घाम आपोआप सुकला. मग वडाळ्याला हार्बरची गाडी पकडली आणि वीसेक मिनिटांत गोवंडीला उतरले. शिवाजीनगरच्या गल्लीत शिरताच पत्र्यांची धग तोंडावर आली. समोरून कुणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं, एवढीच गल्ली. इथे झाड लावायचं तरी कुठे?

शहर एकच, ऊनही एकच. मग फरक आला कुठून? माझं म्हणणं असं, की आपण माणसं जशी वाटून वसवली, तशीच सावलीही वाटली गेली.

1896 साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याच्याच योजनेतून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. रुंद रस्ते, बागा, मोकळी हवा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावंच सांगतात, तिथे कोण राहणार हे आधीच ठरलेलं होतं. शहराचा कचरा मात्र पूर्वेला, गोवंडीशेजारच्या खाडीकाठच्या देवनारला जाऊ लागला. ते डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. पुढे शहरातून उठवलेली माणसंही याच बाजूला आणून टाकली. 1976 मध्ये ट्रॉम्बेची जनता कॉलनी पाडली आणि तिथल्या लोकांना चीता कॅम्पला हलवलं. या सगळ्या वस्त्यांत दलित आणि मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

अशा वस्तीत निसर्ग नसतो असं मात्र समजू नका. असतो, पण वेगळा. कचऱ्यावर घारी घिरट्या घालतात, गायबगळे आणि कुत्रे एकाच ढिगाऱ्यावर चरतात. घारीला घरट्यासाठी उंच झाड हवं, ते नसलं की ती टॉवरवर काटक्या रचते. आणि डास! नळाला पाणी थोडा वेळच येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवावी लागतात. डेंग्यूचा डास अंडी घालतो तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. मग लोकांना अस्वच्छ म्हणायचं, हे मला फार लागतं. तो डास पाइपलाइनने वाढवलेला आहे.

जानेवारी 2016 मध्ये देवनारचा कचरा पेटला आणि धूर कित्येक दिवस शहरभर पसरला. तेव्हा कुठे इतरांचे डोळे चुरचुरले.

अमेरिकेत हे नकाशावर रंगवूनच झालं. 1930 च्या दशकात घरकर्जासाठी शहरांचे भाग पाडले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग फासला, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. 2020 मध्ये संशोधकांनी अशी 108 शहरं तपासली, तेव्हा लाल भाग सर्वांत वरच्या श्रेणीच्या भागांपेक्षा सरासरी 2.6 अंश सेल्सिअसने जास्त तापलेले निघाले. कर्जं कधीच फिटली, ऊन राहिलं.

शिवाजीनगरच्या त्या गल्लीत एका मावशींनी रंगाच्या डब्यात कढीपत्ता लावलाय. मुळांना जागा पुरत नाही, म्हणून शेंडा सारखा खुडत राहतात. तांदूळ धुतलेलं पाणी त्यालाच घालतात. मी निघाले तेव्हा त्यांनी दोन डहाळ्या तोडून माझ्या पिशवीत टाकल्या.