वाटेवर सापडलेल्या वस्तू

श्रोतेहो, नमस्कार. सुटी बटणं, कुलूप हरवलेली किल्ली, कधीतरी उचललेला गुळगुळीत दगड. असला एखादा खण प्रत्येक घरात असतो आणि घर आवरताना सगळ्यांचा डोळा त्याच्यावरच. आज मला त्या खणाची बाजू घ्यायची आहे. आणि ती घ्यायची तर नेकचंद यांची गोष्ट सांगायलाच हवी.

नेकचंद चंडीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. त्यांचं स्वतःचं गाव फाळणीत पलीकडे राहिलेलं. इकडे चंडीगड वसवायचं म्हणून जुनी गावं पाडली जात होती आणि त्यांचा राडारोडा यांच्या डोळ्यांसमोर पडलेला! फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, तडकलेली वॉशबेसिनं, विजेचे सॉकेट. साधारण १९५७ पासून नेकचंद हे सगळं सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या रानात नेऊ लागले. जमीन सरकारी, तिथं बांधकामाला बंदी, म्हणून सगळं गुपचूप. आधी गोळा करायचं, निवडायचं, मग त्यातून माणसं, पक्षी, प्राणी घडवायचे. बांगड्यांच्या काचांनी मढवलेल्या बायका तिथं रांगेनं उभ्या आहेत, आजही! असं सुमारे १८ वर्षं चाललं. १९७५ मध्ये सरकारला पत्ता लागला, तेव्हा पसारा कित्येक एकरांवर गेला होता. नियमानं तो पाडायला हवा होता. पण लोक पाठीशी उभे राहिले, आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सर्वांसाठी खुलं झालं. नेकचंदना त्याच कामासाठी पगार मिळाला, हाताखाली ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्रीही मिळाली. मला विचाराल तर नियम कुठं आवरता घ्यायचा हे कळणाऱ्या अधिकाऱ्यांनाही एखादा पुरस्कार असावा. अशी माणसं फार थोडी असतात.

मात्र त्यातली कुठली काच कोणाच्या हातातल्या बांगडीची, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून सांगते, वस्तू ठेवा, पण चिठ्ठीसकट ठेवा. कुठं सापडली, कधी, सोबत कोण होतं, एवढं पुरे. चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीला तो नुसता दगड. पुन्हा सांगते, चिठ्ठी हवीच. ती पेन्सिलीनं लिहा, शाई दमट हवेत पसरते. आणि वस्तूला चिकटवू नका, दोऱ्यानं बांधा.